दिसलं ते लिही

"स्वल्प थांब. दिसलं ते आधी लिही, वाटलं ते शेजारी."

बाई हे त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत दिवसातून दहादा म्हणायच्या. हेब्बाळच्या तळ्याजवळ एका संशोधन केंद्रात त्या कावळ्यांची समज तपासायच्या. लहान मुलांची आणि वाचा गेलेल्या माणसांचीही. मी जतहून आलेली, सातवीत शाळा सुटलेली, पिंजरे धुणारी. एकदा मी म्हणाले, "बाई, बारका कावळा रुसलाय." त्यांनी वहीच हातात दिली.

"मला इंग्रजी येत नाही हो."

"कावळ्याला तरी कुठं येतं? मराठीत लिही."

'वाटलं'च्या रकान्यात रुसवा गेला. 'दिसलं'खाली मी लिहिलं : दाण्याकडे पाठ करून बसला. ते पान त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवलं.

कुणाला कोडं घातलं की आपली नजर उत्तराकडेच जाते, तुमचीही जात असेल. कावळा ती बरोबर पकडतो. म्हणून एकीतच दाणा असलेल्या दोन झाकल्या वाट्या पुढं करताना बाई मला डोळे मिटायला लावत आणि स्वतः काचेआडून बघत. दर खेपेला वाट्यांची बाजू बदलायची. "नाहीतर हुशार तो नव्हे, फितूर तू!"

मग बाईंच्याच मेंदूत रक्तस्राव झाला. वाचा गेली. जयनगरच्या घरी त्यांचा मुलगा त्यांच्यासमोरच मला म्हणाला, "अक्का, आईला आता काही कळत नाही." बाई छताकडे बघत होत्या. ऐकू येत असेल तर?

बाईंना चहाचा वाससुद्धा खपत नसे. मी चहा आणि कॉफीचे दोन पेले मांडले आणि बाईंना म्हणाले, हवा त्याला बोट लावा. "दादा, तुम्ही त्यांच्या मागं उभं राहून बघा. मी डोळे मिटते."

सहा वेळा बाजू बदलली. मग हुंदका ऐकू आला म्हणून डोळे उघडले. दादा त्यांच्या पायाशी बसले होते. "सहाही वेळा कॉफी, अक्का... आई, मी काय काय बोललो गं तुझ्यासमोर!"

त्यानंतर मी रोज दुपारी जायची. शेवटच्या दुपारी आम्ही दोघीच होतो. पेले मांडले, डोळे मिटले. बराच वेळ काहीच नाही. मग माझ्या मनगटावर एक बोट टेकलं. टेकूनच राहिलं. मी डोळे उघडले नाहीत. नियम होता ना. उघडले तेव्हा हात त्यांच्या मांडीवर होता, कॉफीवर साय आली होती.

दुसऱ्या दिवशी बाई गेल्या.

वही माझ्याकडेच आहे. त्या दुपारचं पान कोरं आहे. 'दिसलं'खाली काय लिहू, बाई? माझे डोळे मिटलेले होते.