फ्लोराबाईंचा नवस

लॅबमध्ये किस्से सांगायचे नसतात, रिपोर्ट द्यायचा असतो. पण ज्यांचा रिपोर्ट देता येत नाही अशा गोष्टी साठत जातात, आणि चहाला चार माणसं जमली की निसटतातच! ही बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट. मी ठाण्याहून इस्राएलला नुकताच आलेला, नेगेवच्या वाळवंटातल्या एका इस्पितळात लॅब टेक्निशियन. साहेब रुमानियाचे डॉक्टर. आणि सशांचे पिंजरे सांभाळायला आमच्याच बेने इस्राएल, म्हणजे कोकणी ज्यूंमधल्या, अलिबागकडच्या फ्लोराबाई.

डॉक्टरांनी एकदा सशाच्या शिरेत ड्रॉइंगची काळी शाई टोचली. ससा मजेत गाजर खात राहिला. दुसऱ्या दिवशी कापून पाहिलं तर लिव्हर कोळशासारखं! "रक्तातला कचरा तिथल्या पेशी गिळतात," डॉक्टर म्हणाले. "मॅक्रोफेज. घरचे झाडूवाले!"

फ्लोराबाई पुटपुटल्या, "आनि झाडूवाल्याच्या पोटातला कचरा कोन काढतो?" मी हिब्रूत विचारून पाहिलं. डॉक्टरांनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला.

*

मेलेल्या सशाचं लिव्हर टेबलावर होतं. त्यातून नळीने शाईचं पाणी सोडलं. बाहेर आलं ते जवळजवळ स्वच्छ! ससा गेला होता, पेशी खातच होत्या.

"मालक गेला हे त्यांना कुणी सांगितलंच नाही," मी म्हणालो.  

*

डॉक्टरांचा अंदाज होता की झाडूवाले दोन प्रकारचे. एक लिव्हरमध्येच मुक्काम करणारे, दुसरे गरज पडली की रक्तातून येणारे.

"म्हणजे जुने रहिवासी आणि आम्ही ओलीम, नवे आलेले!" मी म्हणालो.

"अगदी! आणि इथल्यासारखंच, नव्यांना पाठवतात जिथे सगळं मोडलंय तिथे."

*

मग फ्लोराबाईंच्या नवऱ्याला, एज्राला, जबर कावीळ झाली. त्याच्या लिव्हरच्या तुकड्याची स्लाइड मी केली. घरचे झाडूवाले संपत आलेले, नव्यांची गर्दी. "हे वाचवतील किंवा मारतील," डॉक्टर म्हणाले.

फ्लोराबाई पिंजऱ्यांकडे गेल्या. समोर नुकताच शाई टोचलेला ससा. डोक्यावर पदर घेऊन म्हणाल्या, "एलियाहू हन्नाबी, माज्या घरवाल्याला उठव. मलिद्याच्या ताटात कलेजी ठेवीन. कलेजीला कलेजी!"

आमच्याकडे एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताचा, नवस फेडताना मलिद्याच्या, म्हणजे गोड पोह्यांच्या ताटात कोंबडीची भाजलेली कलेजी ठेवायची पद्धत. पण नवस बोलायचा तो घरी. ही बाई बोलली सशापुढे! मला बरं वाटलं नाही, पण अशा वेळी कोण कुणाला टोकणार?

*

एज्रा उठून बसला. डोळ्यांचा पिवळेपणा गेला. पुन्हा स्लाइड केली, तीही मीच. डॉक्टरांनी मायक्रोस्कोपमधून डोकं वर काढलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. एज्राच्या मॅक्रोफेजमध्ये काळे कण होते. शाईचे!

"मला सशाची स्लाइड दिलीस?"

"डॉक्टर, शाई टोचलेला तो ससा अजून पिंजऱ्यात आहे."

दोघंही धावलो. ससा पिंजऱ्यात मरून पडला होता. डॉक्टरांनी तिथेच कापला. शाईचा टिपूससुद्धा नव्हता. लिव्हर हळदीसारखं पिवळं!

फ्लोराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या पिवळ्या लिव्हरकडे बघत हळूच म्हणाल्या, "मनात तर मी कोंबडीची धरली होती!"