चिखलातला तरवड

"मॅडम, हे झाडं मेले. सोमवारी जेसीबी बोलावतो, लॉन टाकू," प्राचार्य म्हणाले.

एप्रिल संपत आला होता. घनसावंगी रोडवरच्या त्या कॉलेजात कमी पाण्याची, इथल्याच झाडांची बाग मी लावली होती. "तिसऱ्या उन्हाळ्यापासून टँकर बंद," असं तोऱ्यात सांगितलंही मीच होतं.

मी मोईच्या फांदीवर नख ओढलं. सालीखाली हिरवं. म्हणजे जीव आहे. "सर, मोई, सालई उन्हाळ्यात पानं टाकून गप बसतात."

"अन् हे?" त्यांनी गेटजवळचा तरवड दाखवला.

तरवड उन्हाळ्यात हिरवा असतो. इथं चाळीसच्या चाळीस झुडपं पिवळी! काहींच्या सालीखाली तपकिरी, काहींच्या कसंबसं हिरवं. हातात दोन दिवस होते.

खुरप्यानं आळं उकरलं, तर चिखल. एप्रिलमध्ये, जालन्यात, चिखल! मुळांना कुजका वास. काळ्या मातीत पाणी साचलं की तरवडाची मुळं गुदमरतात. पाइप फुटला असणार म्हणून प्लंबरला झापलं.

"म्याडम, इकडं पाइपच न्हाई," तो म्हणाला. खरंच नव्हता.

मग पाणी येतं कुठून ते बघायला शनिवारी सकाळी सातलाच जाऊन बसले. सफाईच्या कौसाबाई आल्या. वर्गांतल्या जारचं उरलेलं पाणी बादलीत आणून एकेका तरवडाला घालू लागल्या.

मस्तकात तिडीक गेली. "कौसाबाई! कुणी सांगितलं हे?"

"कुन्ही न्हाई. पानी वाया चाल्लं व्हतं. अन् उन्हात उभे ऱ्हातेत बिचारे, बघवंना. दोन महिने झाले घालून राह्यले." मग त्यांचा चेहरा उतरला. "म्या मारले का हो? आता काढतेल का मला कामावरून?"

मला पुढं रागावता येईना.

सोमवारी कुजलेलं मूळ प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं. "हे तहानेनं नाही, पाण्यानं गेलं. महिनाभर द्या."

"पाणी घातलं कोणी?"

"चूक माझी आहे, सर."

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं आणि जेसीबीवाल्याला फोन लावला. "महिनाभर थांब."

आळी उघडी करून माती वाळवली. अकरा झुडपं गेली, बाकीची सावरली. आषाढात अकरा नवी रोपं लावली. पहिली दोन वर्षं रोपांना पाणी लागतंच. ते कौसाबाई घालतात. बाकीच्यांना कुणी तांब्याभर घातलं तरी अंगावर धावून जातात.

बारा महिन्यांच्या देखभालीचा चार्ट मी पहिल्याच वर्षी दिला होता. पावसानंतर छाटणी, हिवाळ्यात पाल्याचं आच्छादन, तिसऱ्या उन्हाळ्यापासून पाणी बंद. तो प्राचार्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता. रोज बागेशेजारी झाडणाऱ्या बाईला मात्र मी तीन वर्षांत एक शब्द सांगितला नव्हता.