खपात शेवटून पहिला देव

गडगड्याला जन्मात कधी राग आला नाही. बाटलीवर मात्र तो सगळ्या जगावर चिडलेला होता.

बिअरच्या एका छोट्या कारखान्यात तो खोकी उचलायचा. मालकाला जुन्यापुराण्या, आता कुणीच पूजत नसलेल्या देवांचा नाद. समुद्रदेवाची बिअर किंचित खारट, पीकदेवीची गव्हाची, मृत्युदेवाची काळीकुट्ट आणि गडगडाटाच्या देवाची कडू. या शेवटच्याच्या लेबलासाठी दाढीवाला माणूस हवा होता, आणि गोदामातला फुकट मिळत होता. फोटोग्राफर म्हणाला, "चिडा." याला काही केल्या जमेना. तेवढ्यात कुणाच्या तरी हातून भरलेलं पिंप त्याच्या अंगठ्यावर पडलं. फोटो एका फटक्यात झाला. अंगठा अजून वाकडा आहे.

त्या दिवसापासून दाढी कारखान्याची झाली. कापायची सोय उरली नाही. गडगड्या स्वतः पीत नसे, एका घोटात ॲसिडिटी व्हायची. पण दुकानाच्या काचेपाशी त्याची पावलं रेंगाळायची. ओळखपत्र सोडलं तर त्याचा चेहरा आजवर कुठे छापला गेला नव्हता, आणि ओळखपत्रावर तो चोरासारखा दिसायचा.

मालकाचा नियम असा, की वर्षाकाठी सगळ्यात कमी खपणारा देव बंद. मागच्या वर्षी वाऱ्याचा देव गेला, कुणाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. यंदा खपाच्या फळ्यावर गडगडाट तळाला होता. कडू कुणाला हवंय? गडगड्याचं जेवणावरचं लक्ष उडालं.

मग तो कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःच खोकी विकत घेऊ लागला. सकाळी जी गाडीत चढवायची, तीच संध्याकाळी खांद्यावरून घरी आणायची आणि माळ्यावर जुन्या गाद्यांमागे दडवायची.

एके दिवशी बायको चादरी ठेवायला माळ्यावर चढली. तिथे पन्नास-साठ नवरे एकदम तिच्यावर ओरडत होते.

"अहो, एवढी पिता कधी?"

"पीत नाही."

"मग?"

"बंद करताहेत मला."

ती स्टुलावर बसली. संसारात तिने पुष्कळ ऐकलं होतं, हे नवीन होतं. मग ती म्हणाली, "माळा भरलाय. पुढची पलंगाखाली ठेवा."

महिनाभराने मालकाने त्याला बोलावलं. स्वारी खुशीत होती. "गडगडाट उचल खातोय! एका दुकानात तर भक्तच जमलेत म्हणे. बंद नाही करायचा, उलट नवं रूप द्यायचं." त्याने नवं लेबल समोर धरलं. काळ्या रंगावर एकच पिवळी वीज. चेहरा नव्हता.

"कडक आहे ना?"

"कडक," गडगड्या म्हणाला.

"आता दाढी काढलीस तरी चालेल," मालक उदार मनाने म्हणाला.

घरी येऊन त्याने हे सांगितलं. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. बायकोने माळ्यावरच्या बाटल्या उतरवल्या, पुसल्या आणि बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात चेहरे पुढे करून मांडल्या. एक फोडली. दोन पेले भरले. त्याच्या पेल्याशेजारी ॲसिडिटीची गोळी ठेवली.

पहिल्याच घोटाला तिचं तोंड वाकडं झालं. "किती कडू हो!"

"दाढी काढू का?" त्याने विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "नाहीतर कपाटातला तो कोण, म्हणून लोकांना काय सांगू?"