आमच्या घरातली चिलटं

हसायचं तर खुशाल हसा, पण चहाचा घोट तोंडात असताना नको. ठसका लागला तर तेवढंही माझ्याच नावावर जाईल! एम.एस्सी. झालेली बाई मी, लग्नाआधी शाळेत विज्ञान शिकवायची. आणि माझ्या हातून जे घडलं ते ऐकून माझ्या सख्ख्या आईने फोनवर विचारलं, "आणि तुझ्याकडे लोक पोरं पाठवायचे?"

झालं असं, की यंदा उन्हाळ्यात आमच्या घरात चिलटं झाली.

चार-दोन नव्हे हो! पोळ्या लाटताना चिलटं, भाजी निवडताना चिलटं. सईला, म्हणजे माझ्या साडेतीन वर्षांच्या लेकीला, भरवायला बसलं की तिच्या दहीभातावर एखादं हमखास घिरट्या घालणार. मी हाताने हाकलायची, ते जरा सरकायचं आणि पुन्हा हजर. सोलापूरचा मे महिना, बाहेर कावळासुद्धा उडायला तयार नाही, आणि ही मात्र ताजीतवानी! मी केळी फेकली. खरकटं क्षणभर राहू देईना. फिनेलने फरशी इतकी पुसली की नवरा ताटावरून म्हणाला, "अगं, मी जेवायला बसलोय की ॲडमिट झालोय?"

"मग ही चिलटं दिसत नाहीत का तुम्हाला?"

"मला तर एकही दिसत नाही."

"तुम्हाला घरातलं काय दिसतं?"

काय झोकात टाकलं होतं हे वाक्य मी! आता आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

बरं, चिलटं येतात तरी कुठून? संशयित लगेच सापडला. शेजारच्या पद्माक्का. घरात तेलुगू बोलणारं, पिढ्यान्‌पिढ्या मागावर चादरी विणत आलेलं कुटुंब. उन्हाळा आला की अक्कांच्या गॅलरीत कैरीच्या लोणच्याच्या बरण्यांची रांग लागते. मी गेले, बेल वाजवली.

"अक्का, रागावू नका हं. पण तुमच्या बरण्यांना चिलटं लागलीत. तीच आमच्याकडे येतात."

तेलुगू बाईला तिच्या लोणच्याबद्दल असं बोलायचं नसतं. तुम्हाला आधीच सांगून ठेवते, मला कुणी सांगितलं नव्हतं.

"अय्यो! माझ्या लोणच्याला चिलटं?" अक्कांनी बरणीचं फडकं सोडलं आणि बरणी थेट माझ्या नाकाखाली आणली. "बघा की ओ! एक दाखवा! एकच दाखवा!"

मी वाकून बघितलं. आणि शपथेवर सांगते, होती!

"ही काय, ही! ही बघा!"

"कुठं?"

"ही हो! आता तिकडे सरकली!"

अक्कांनी माझ्या बोटाकडे बघितलं, बरणीत बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं. फडकं पुन्हा बांधत अगदी मायेने म्हणाल्या, "तुम्ही जरा झोप काढा. लहान मूल असलं की असं होतंय." आणि दार लावून घेतलं. दर वर्षी येणारी लोणच्याची वाटी यंदा आली नाही.

तेवढ्यात विजेचं नवीनच सुरू झालं. दुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून सईला थोपटायला लागलं की डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लखकन चमकायचं. वळून बघावं तर काही नाही. म्हटलं, वायरिंग! घरात लहान मूल आणि बोर्डात ठिणग्या! वायरमन आला, त्याने सगळे बोर्ड उघडले, सगळे लावले आणि "म्याडम, काय बी न्हाय" म्हणून निघाला. जाताना त्याने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि मग सईचं सुरू झालं.

सकाळी खेळता खेळता ती एकदम हवेत हात मारायला लागली. समोर काहीच नाही! पुन्हा जेवताना. पुन्हा अंघोळ करताना. मी मोबाईल उघडला आणि डोळ्यांच्या आजारांबद्दल मिळेल ते वाचत सुटले. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके दिसणं, जाळं तरंगणं, चमका दिसणं... वाचताना ती मेली चिलटं नेमकी स्क्रीनवरच येत होती. एका हाताने त्यांना हाकलत दुसऱ्या हाताने मी वाचत होते. तरीही डोक्यात काही प्रकाश पडेल? छे!

मी सईला समोर बसवलं. "बाळा, तुला काळे ठिपके दिसतात?"

"हो."

"चमचम दिसतं?"

"हो!"

नवरा पेपरमागून म्हणाला, "सई, हत्ती दिसतो का गं?"

"हो! दोन!"

पण आईच्या काळजीला असल्या पुराव्यांनी काही होत नाही. सासूबाई तेव्हा नातेपुत्याहून आल्या होत्या. त्यांनी सईकडे एकदा बघितलं आणि सरळ मीठ-मोहऱ्या काढल्या. "शीतल, पोरीला नजर लागलीया. बघ की, कुणाला हाकलतीया ती?"

"आई, असलं काही नसतं. डोळ्यांची लक्षणं आहेत ही. डॉक्टरांनाच दाखवायला हवं."

"दाव की मग. मी कुटं नको म्हंते? आदी उतरवू दे, मग जा."

उतरवून झालं, आणि आम्ही तिघी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई मोठ्या प्रेमळ. सईला बॅटरी दाखवली, चित्रं ओळखायला लावली, औषध घालून आतून डोळे तपासले.

"डोळे उत्तम आहेत हिचे."

"पण मॅडम, ती सारखी हवेत हात मारते!"

डॉक्टर सईपुढे वाकल्या. "काय हाकलतेस गं तू?"

"चिलटं."

"कुठायत? मला दाखव बरं."

"मला नाही दिसत," सई म्हणाली. "आईला दिसतात. मी आईला मदत करते."

आणि नेमकं तेव्हाच, काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी नाकासमोर हात मारला.

"आता काय हाकललंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"चिलट. तुमच्याकडेही झालीत हो. फिनेल टाकत जा जरा."

डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "डावा डोळा झाका. दिसतात?"

"हो."

"आता उजवा झाका."

"गेली! सगळी गेली!"

"कमाल आहे. चिलटांना तुमचा फक्त उजवाच डोळा आवडतो?" त्या हसल्या. पण पुढचं विचारताना हसत नव्हत्या. "चमका दिसतात का?"

"त्या वायरिंगच्या..." म्हणता म्हणता शेवटी माझ्याच डोक्यात प्रकाश पडला.

मग माझ्या डोळ्यांत थेंब, मग डॉक्टरांच्या कपाळावरचा तो दिवा, वर बघा, खाली बघा. उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला बारीकशी चीर गेली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्यात जेलीसारखा पदार्थ असतो, तो आकसतो आणि त्यातल्या गुठळ्यांच्या सावल्या अशा तरंगताना दिसतात. पुष्कळांना जुना एखाद-दुसरा ठिपका असतोच, त्याने काही बिघडत नाही. पण एकाएकी वाढले, सोबत चमका आल्या, तर त्याच दिवशी यायचं. "आणि तुमचा चष्मा एवढ्या मोठ्या नंबराचा, तुम्ही तर वाटच बघायची नाही. चीर वाढून पडदा सुटला असता तर नजर गेली असती. चमका दिसल्यावर वायरमनला नसतं बोलवायचं, शीतलताई."

मी सईकडे बघितलं. थेंबांमुळे ती नुसती एक धूसर पिवळा फ्रॉक दिसत होती. ती कायम अशीच दिसली असती तर? सासूबाईंनी माझा हात धरला आणि लेझरने ती चीर बुजवून मी बाहेर येईपर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, "एका बाजूने काळी सावली आली, तर फोनसुद्धा करत बसू नका. थेट या."

मी ते मंत्रासारखं पाठ केलं. आणि काही दिवसांनी, स्कूटीवरून सात रस्ता चौकाकडे जाताना, भर दुपारी, उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने काळी सावली आली!

स्कूटी एका रसवंतीपुढे लावली, रिक्षा केली. "दादा, डोळा चाललाय माझा!" म्हटल्यावर त्याने अशी पिटाळली की विचारू नका. दवाखान्यात रांग होती. रांगेने माझा आवाज ऐकूनच वाट दिली. आत तपासणीच्या खुर्चीवर एक धोतरवाले आजोबा होते. तेही घाबरून उठले, मी बसले.

"मॅडम, सावली! नाकाच्या बाजूने!"

"केव्हापासून?" डॉक्टर धावतच आल्या.

"आत्ताच! मधेच खालीवर होते. आणि गाडीवर होते तेव्हा... फडफडत होती."

"फडफडत होती?"

डॉक्टर थांबल्या. माझ्या चेहऱ्याभोवती, उन्हासाठी सोलापूरच्या तमाम बायका गुंडाळतात तसा, नेव्ही ब्लू स्कार्फ घट्ट बांधलेला होता. त्याचं टोक चष्म्याच्या आत शिरलं होतं. डॉक्टरांनी ते दोन बोटांनी हलकेच ओढून काढलं.

सगळं लख्ख!

तरीही त्यांनी डोळा नीट तपासला. ठीक होता. "संकोचू नका," त्या म्हणाल्या, "पुन्हा असं वाटलं तर पुन्हा या." त्यांचा चेहरा गंभीर होता, फक्त ओठ थरथरत होते.

मी मान खाली घालून स्कार्फची घडी करत होते. तेवढ्यात कोपऱ्यात उभे असलेले आजोबा पुढे सरकले.

"डाक्टरीणबाई," ते म्हणाले, "माजा मोतीबिंदू बी असाच वढून काडा की. लई सोपं हाय!"