कोरे उंदीर

उंदीरमावशीच्या तोंडाला सगळी प्रयोगशाळा वचकून असायची. बाई उंचीने बेताची, आवाज मात्र तीन खोल्यांपलीकडे पोचणारा. प्राणिघरात कुणी बुटांवर कव्हर न चढवता पाऊल टाकलं, की मग तो शिपाई असो नाहीतर संचालक, तिथल्या तिथे त्याची हजेरी घेतली जायची. एकोणीस वर्षं ती पिंजरे धूत आली होती, भुसा बदलत आली होती. इतक्या वर्षांत आपल्या हातून एकही उंदीर चुकीच्या पिंजऱ्यात गेला नाही, हे ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

तिची पद्धतच तशी होती. एका वेळी एकच पिंजरा उघडायचा. त्याचं कार्ड आधी स्वतःच्या ॲप्रनला चिमट्याने लावायचं, उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात हलवायचे, कार्ड त्यावर चढवायचं आणि मगच पुढच्या पिंजऱ्याला हात लावायचा. बाकीचे लोक चार-चार पिंजरे एकदम उघडून बसत. त्यांचा उद्धार ती रोज करायची.

अशा बाईसमोर एका सकाळी चष्मेवाल्या संशोधकाने छापील कागद ठेवला.

हा गृहस्थ फुप्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या कॅन्सरचा अभ्यास करत होता. एक जनुक निकामी असलेले, जन्मतःच नाजूक उंदीर त्याने मागवले होते. अर्ध्यांच्या छातीत ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू टोचले, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. या दुसऱ्यांना प्राणिघरात ‘कोरे’ म्हणत. कोऱ्यांना हा आजार व्हायचं काही कारणच नव्हतं. आणि वर्षभराने कोऱ्यांपैकी दोघे नेमके त्याच कॅन्सरने मेले.

“पिंजरे बदलताना कार्डांची अदलाबदल झाली असणार, मावशी,” तो गोड आवाजात म्हणाला. “एवढं लिहून द्या. ते दोन पिंजरे अभ्यासातून काढून टाकतो. तुमच्यावर काही कारवाई होणार नाही.”

“न केलेल्या चुकीची माफी देताय होय मला?” मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “उद्या सांगते.”

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. “कर सही आणि मोकळी हो. दोन उंदरांसाठी डोकं कशाला पिकवतेस?”

“दोन उंदरांसाठी नाही,” ती म्हणाली, आणि ताट तसंच सारून उठली.

तिचे वडील ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते. संध्याकाळी तिथल्या धुळीने पांढरेफटक होऊन घरी यायचे. आई त्यांचे कपडे मागच्या दारी झटकायची, मग धुवायची. वडील ऐंशीपर्यंत जगले. आई बावन्नाव्या वर्षी गेली, याच कॅन्सरने, छातीत पाणी भरून, श्वासासाठी तडफडत. कारखान्याचा डॉक्टर तेव्हा म्हणाला होता, “यांनी कारखान्याची पायरीसुद्धा चढलेली नाही. त्यांना हा आजार होईलच कसा? तुमच्या रिपोर्टातच घोळ असणार.” ते वाक्य मावशीच्या छातीत इतकी वर्षं धगधगत होतं. ज्याने त्याने आपले हात झटकायचे आणि घोळाचं खापर गरिबाच्या माथी फोडायचं, याचा तिला संताप संताप व्हायचा.

दुसऱ्या दिवशी तिने सहीची जागा कोरीच ठेवून कागद परत दिला.

“ते मेलेले दोन्ही फ्रीजमधून काढा. त्यांच्या कानांना ओळखीच्या खाचा तुम्ही स्वतः पाडल्यात. वहीशी ताडून बघा. कार्ड बदलेल, कान कसा बदलेल?”

संशोधकाने कुरकुरत वही उघडली. खाचा तंतोतंत जुळल्या. उंदीर कोरेच होते.

“मग आजार आला कुठून?” तो स्वतःशीच पुटपुटला.

“तंतूंच्या खोलीतून थेट इथे येता तुम्ही. तोच ॲप्रन घालून. किती वेळा बोंबलले मी, की ॲप्रन बदला! ‘दोनच मिनिटं, मावशी,’ म्हणायचात आणि पिंजऱ्यात हात घालायचात.” तिने चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्याच्या बाहीच्या टोकावर दाबला आणि पुढे केला. “घाला सूक्ष्मदर्शकाखाली.”

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. पट्टीवर तेच बारीक तंतू चिकटलेले होते. मान वर केली तेव्हा चेहरा उतरला होता.

“पण ॲप्रन तर दर आठवड्याला धुतो आम्ही.”

“कोण धुतं?”

त्याने खिशातून फोन काढला, घरी लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“काय हो, आत्ता फोन?” पलीकडून बायकोचा हसरा आवाज आला. “गच्चीत आहे मी. तुमचा दुसरा ॲप्रन झटकतेय.”

“झटकू नकोस!” मावशी ओरडली. “आहे तिथेच ठेव आणि लांब हो!”

“कोण बोलतंय?” आवाज गोंधळला. “अहो, का? लग्न झाल्यापासून मीच झटकते की.”

मावशीने फोन उचलून संशोधकाच्या हातात कोंबला.

“सांगा,” ती म्हणाली. रागाने तिचे डोळे भरून आले होते. “का ते तुम्ही सांगा. आत्ता, माझ्यासमोर.”