कॉईल सेक्शनमधली बारा घरं

नोकरीत असताना किस्से सांगायला वेळ नसतो आणि नोकरी सुटली की ऐकायला माणसं नसतात! त्या मानाने माझं बरं. आम्ही जुन्या मैत्रिणी महिन्यातून एकदा सातपूरला कुणा ना कुणाच्या घरी जमतो. चहाला आधण यायच्या आत पहिला किस्सा सुरू झालेला असतो. तो सगळ्यांनी दहा वेळा ऐकलेला असतो, तरी आम्ही हसतोच.

आधी जागा सांगते. सातपूर एमआयडीसीत आमचा कारखाना. त्यातला कॉईल सेक्शन म्हणजे बारा बायका आणि बारा छोटी मशीनं. प्लास्टिकच्या बॉबिनवर केसासारखी बारीक तांब्याची तार मोजून गुंडाळायची. फेरे कमी पडले की माल रिजेक्ट. मी तपासणीला होते. या बाराजणींची कॉईल मीटरला लावायची आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लागले ते पुढे सोळा वर्षं हेच केलं.

सोळा वर्षांत एवढं कळलं, की तार एकसारखी ताणून धरावी लागते, आणि धरणारा हात घरून आलेला असतो.

*

आमचे फोरमन गायधनी साहेब. माणूस कडक. नव्या बाईला पहिल्याच दिवशी बजावायचे, "घरचं घरी! देवळाबाहेर चपला काढतो ना, तसं गेटबाहेर काढून यायचं."

साहेबांच्या मुलीचा दहावीचा निकाल होता त्या दिवशीची गोष्ट. सकाळपासून साहेब केबिनमध्ये येरझाऱ्या घालत होते. फोन वाजला की झडप! दुपारी त्यांनी रोजच्यासारखा प्रॉडक्शन रिपोर्ट लिहिला, सही केली, स्टोअरला पाठवला.

दहा मिनिटांत स्टोअरकीपर धावत आला. "साहेब, आज एक लाख त्रेचाळीस हजार दोनशे सतरा कॉईल झाल्या? ठेवू कुठे?"

साहेबांनी रिपोर्ट हातात घेतला. कॉईलच्या रकान्यात मुलीचा सीट नंबर होता!

सगळ्यांच्या माना केबिनकडे वळल्या. मग मागच्या मशीनवरून मंगल खैरनारचा आवाज आला, "साहेब, चपला आत आल्या वाटतं."

*

ही मंगल सटाण्याकडची. जीभ तिखट, हात गोड. पण मध्ये एकदा तिचं रिजेक्शन फार वाढलं. विचारलं तर म्हणाली, "ताई, घरात सासू आहे. भाजी चिरली की म्हणते जाड चिरली, झाडलं की म्हणते कोपरा राहिला. मशीनवर बसले तरी तिचाच आवाज कानात!"

काही दिवसांनी सासूबाई रुसून गावाला गेल्या. मंगलच्या कॉईल अशा सुंदर यायला लागल्या की गायधनी साहेबांनी एक उचलून सगळ्यांना दाखवली.

हे चाललं आठवडाभर. मग एका दिवशी अख्खा ट्रे रिजेक्ट! मी तिला बाजूला घेतलं. "काय गं, आल्या वाटतं सासूबाई?"

मंगलच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. "नाही ना आली! पोरगी चार वर्षांची आहे ताई. शेजारणीकडे ठेवते. ती दार लावून वाण्याकडे जाते. आज येताना पोरगी खिडकीच्या गजाला धरून रडत होती."

रविवारी मंगल सटाण्याला गेली आणि सासूला घेऊनच आली. म्हातारीने एस.टी.तून उतरता उतरता सांगितलं म्हणे, "मी शे ना, तू जाय कामले." त्यांच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात.

सोमवारी मंगलने कानात कापसाचे बोळे घातले आणि कामाला बसली. त्या दिवशी एकही रिजेक्ट नाही!

*

यमुना हरसूलकडची. राहायची श्रमिकनगरला, पण सासरची भाताची खाचरं गावाकडे. दर पावसाळ्यात तिचा आठ दिवसांच्या रजेचा अर्ज ठरलेला. कारणाच्या जागी एकच शब्द लिहायची, 'आवणी'. म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायची ती लावणी. तिच्याकडे त्याला आवणी म्हणतात.

एका वर्षी नवे पर्सनल ऑफिसर आले, शहरातले. त्यांनी यमुनाची जुनी फाईल काढली आणि तिला बोलावलं. अर्जावर शिक्का मारून आणायचा म्हणून मीही सोबत होते.

"यमुनाबाई, ही अवनी कोण? मुलगी?"

यमुना गोंधळली. "कोन सायब?"

"अहो, दरवर्षी हिच्यासाठी रजा घेता! बरोबर पावसाळ्यातच कशी आजारी पडते ही?"

मी हसू दाबत होते. यमुना मात्र हसली नाही. विचार करून म्हणाली, "सायब, आवनी आजारी पडली ना, तर तुमी-आमी काय खायाचं?"

आम्ही बाहेर आल्यावर त्या नव्या ऑफिसरना कोणीतरी अर्थ सांगितला. रजा मंजूर झाली. आठ दिवसांनी यमुना आली ती चिखलाने तळहात सोलवटून. चार दिवस तिला बारीक तार धरता येईना. त्या चार दिवसांत तिच्या शेजारच्या दोघींच्या ट्रेमध्ये कॉईल कमी होत्या आणि यमुनाचा ट्रे भरलेला होता. कॉईल बघून मला अक्षरासारखे हात ओळखू यायचे. मी तो ट्रे यमुनाच्याच नावावर पास केला.

*

लताचा नवरा अंबडच्या एका कंपनीत होता. ती कंपनी बंद पडली. घरात पोरं दोन, सासरे अंथरुणाला. लता कामावर आणि नवरा घरी, असा उलटा संसार सुरू झाला. तो बिचारा कुणाला तोंड दाखवेना. शेवटी स्वयंपाकघरात शिरला.

सेक्शनला फोन एकच, साहेबांच्या केबिनमध्ये. अर्जंट असेल तरच घरच्यांनी करायचा. एका दुपारी फोन वाजला. साहेबांनी उचलला आणि चेहरा लालबुंद!

"लताबाई! तुमचे मिस्टर विचारतायत, हळद कुठल्या डब्यात!"

लताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी परत फोन. साहेब तावातावाने बोलायला गेले, पण पलीकडचं ऐकता ऐकता त्यांचा आवाज खाली आला. "हो... हो... थांबा, विचारतो." केबिनचं दार उघडून त्यांनी हाक मारली, "लताबाई, आधी मोहरी की आधी जिरं?"

बाराच्या बारा बायका एकदम ओरडल्या, "मोहरी!"

मग ते रोजचंच झालं. महिन्याभरात तो माणूस असा तयार झाला की लताच्या डब्याभोवती आमची गर्दी व्हायची.

गंमत पुढेच आहे. गायधनी वहिनी बहिणीच्या बाळंतपणाला महिनाभर गेल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी हळूच केबिनचं दार लोटलं आणि फोन फिरवला. दाराला कान लावायची गरजच नव्हती. "हां, मी गायधनी बोलतोय... नाही नाही, लताबाई ठीक आहेत. तुमच्याकडेच काम होतं. वरणात पाणी फार झालं तर काय करायचं हो?"

*

दोन हजार सालानंतर कंपन्यांमध्ये ताणतणावाची व्याख्यानं सुरू झाली. आमच्याकडेही एक सर आले. टाय, माईक, मागे मंद संगीत. म्हणाले, "डोळे मिटा. मोठा श्वास घ्या. आता तुमच्या आवडत्या शांत जागी जा."

पाच मिनिटांत सगळ्या खरंच गेल्या! मंगल भिंतीला टेकून, यमुना लताच्या खांद्यावर. कुणीतरी चक्क घोरत होतं. पहाटे पाचला उठून डबे करून आलेल्या बायका त्या.

सर नाराज झाले. टाळी वाजवायला त्यांनी हात वर केला, तो गायधनी साहेबांनी धरला.

"राहू द्या सर," साहेब कुजबुजले. "तुमचं व्याख्यान पोचलं."

*

आता विमलमावशी. सेक्शनमधली सगळ्यात जुनी बाई. तिची कॉईल मीटरला लावायचीसुद्धा गरज नसे. एक दिवस संध्याकाळी गेटवर तपासणीत तिच्या पिशवीत तारेचं अर्धवट रीळ आणि दोन रिकामे बॉबिन सापडले.

मला आणि साहेबांना बोलावणं आलं. विमलमावशी मान खाली घालून उभी होती. चोरी म्हणजे नोकरी जायचं काम! साहेबांनी विचारलं, "मावशी, का?"

मग सगळं बाहेर आलं. तिचा नवरा पूर्वी मोटार रिवाइंडिंग करायचा, नाशिकरोडला स्वतःची टपरी होती. आठ महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आणि वाचाही. डॉक्टरांनी हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, तो त्याने भिंतीवर फेकला. दिवसभर छताकडे बघत पडून राहायचा. यातलं एक अक्षर मावशीने आठ महिने आम्हाला कळू दिलं नव्हतं.

"तार दिली तर हात हलवेल असं वाटलं," मावशी म्हणाली. "मागायची लाज वाटली."

साहेबांनी गेटवरच कागद मागवला आणि लिहिलं, 'भंगार तार, एक रीळ, कामासाठी बाहेर.' खाली सही ठोकली. पर्सनलवाल्यांना काय सांगायचं ते त्यांनी सांगितलं असेल.

दोन महिने गेले. एका सकाळी मावशीने रुमालात गुंडाळलेली एक कॉईल माझ्या टेबलावर ठेवली. "सुनंदा, एवढी तपासतेस? यांनी केलीय. डाव्या हाताने सुरू केली, मग उजव्याने धरली."

वेडीवाकडी होती, पण कॉईल होती. माझ्या ओठांवर 'ओके' आलेलं, पण मावशी माझ्याकडे अशी बघत होती की खोटं बोलवेना. मीटरला लावली. काटा मागे राहिला.

"मावशी, बारा फेरे कमी आहेत."

तिने कॉईल परत रुमालात बांधली. दिवसभर मला चैन पडलं नाही. एक 'ओके' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं माझं? घरी नवऱ्यावर चिडले, भाजी करपवली.

दुसऱ्या दिवशी मावशी बेल व्हायच्या आधीच माझ्या टेबलाशी हजर! केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिने कॉईल टेबलावर आपटली.

"सुनंदा, त्यांनी भिंतीवर फेकून मारली ही! आणि बोलले गं! जीभ अडखळत होती, पण बोलले!"

"काय बोलले?"

"म्हणाले, 'कोण ती तपासणारी? तिचं मीटर बिघडलंय! बरोबर आहे माझी, परत मोज म्हणावं!' रात्रभर भांडले माझ्याशी!" आणि विमलमावशी पदरात तोंड घालून हसत होती की रडत होती, ते मला कळेना.

मी कॉईल सरळ केली आणि परत मीटरला लावली.