मोरीतला लाल रंग

“मूत्राशयात गाठ आहे. कॅन्सरची आहे आणि ती फुफ्फुसापर्यंत पोचलीय,” बार्शीचे डॉक्टर म्हणाले. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं, शालननं, पदर तोंडाला लावला. मी खुळ्यासारखं विचारलं, “पण दुखत तर काहीच नव्हतं, साहेब?”

“याच्यात बऱ्याचदा दुखत नाही. फक्त रक्त दिसतं.”

रक्त दिसलं होतं मला. पण आम्ही तेरखेड्याचे, फटाके करणारे. लाल कागद खळीनं गुंडाळून बोटं लाल होतात, ती घासूनही निघत नाहीत. हात धुवायची आणि लघवीची जागा एकच, शेडमागची मोरी. ती कायम लाल. तिथं कोण दचकणार? तरी शेडवरचे थोरले कारागीर दिगंबरमामा यांना विचारलं. ते हसले.

“आरं, त्याच हातानं भाकर खातूस. रंग पोटात गेला की लघवीत उतरणारच! ताक पी.”

मी ताक प्यायलो. मधेच लघवी स्वच्छ व्हायची, की ताकाचा गुण आला म्हणून आम्ही खूश.

पुढं लघवी तुंबली, तेव्हा बार्शी गाठली. सिस्टोस्कोपी केली, म्हणजे लघवीच्या वाटेनं आत दुर्बीण घालतात. लाज वाटते. तुमच्यावर वेळ आली तर लाजत बसू नका.

गाठ एवढी वाढली कशी, हे डॉक्टरांनी समजावलं. ती व्हीईजीएफ नावाचा पदार्थ सोडते. तो रक्तवाहिन्या वाढवतो. मग गाठीकडं नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि तिला रक्त मिळत राहतं.

“म्हणजे चोरून घेतलेला नळ,” मी म्हणालो.

“चोरून कुठला? तुमचं शरीरच देतंय.”

त्या दिवसापासून मला माझ्याच अंगाचा राग येतो. शालन दुधात भाकरी कुस्करून देते, आणि वाटतं, मी हे पोसतोय कुणाला?

“तो नळ तोडायचं औषध न्हाय का?” मी डॉक्टरांना तेव्हाच विचारलं होतं.

“आहे. काही दुसऱ्या कॅन्सरमध्ये चालतं. तुमच्या आजारात त्याचा म्हणावा तसा फायदा दिसलेला नाही.”

केमो घेतली. गाठ जरा आक्रसली, परत वाढली. आता फक्त दुखणं कमी करायच्या गोळ्या आहेत. लोक म्हणतात, हिंमत ठेवा. कुठून आणू? मला मरायचं नाही, एवढंच खरं आहे.

मामा रोज संध्याकाळी येतात आणि मान खाली घालून बसतात. परवा मात्र बोलले.

“मोरीला चुना मारलाय. पांढरी केलीय. हात धुवायची जागा पार लांब नेली. आता कुणाचं काय पडलं तर दिसंल.”

मला ती बघायची होती. काल दुपारी मामांनीच धरून नेलं. उन्हात मोरीची भिंत एवढी पांढरी, की डोळे दिपले. मी तिथंच लघवीला उभा राहिलो. चुन्यावर लाल ओघळ उतरला.

मामांनी तोंड फिरवलं.

“मामा, नीट बघून ठेवा,” मी म्हणालो. “हे असं दिसतं.”